काकांचं जठर आणि मारोतीचे रोडगे

सर्व रोगांचं मूळ जठरात असतं आणि सर्व विकारांचं मूळ जिभेवर. हे वाक्य माझ्या मोठ्या काकांचं. ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आवाज भारदस्त होता, आणि गणेशोत्सवात ‘आहार आणि आचार’ या विषयावर बोलायला त्यांना दरवर्षी बोलावणं असे. आधी शाल, मग नारळ, मग हार आणि मग हे वाक्य. मांडवातल्या बायका माना डोलावत आणि आपापल्या नवऱ्याकडे बघत. भाषण आटोपून आम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरी आलो की काका हार खुंटीला अडकवत, पाटावर बसत आणि काकूला विचारत, "तर्री ठेवली ना?"

तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लाल तेल. आमच्याकडे भाजी खातात आणि तर्री मागून घेतात. ती ज्याच्या वाटीत जास्त, त्याचा घरात मान जास्त. काकांच्या वाटीत खाली भाजी आहे की नाही हे बोट घालून पाहावं लागे.

मॅट्रिक झाल्यावर मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो आणि पुढं नागपुरातच नोकरी लागल्यावरही तिथंच राहिलो. काकांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात मला पहिल्यांदा दबदबा वाटला तो काकांच्या ज्ञानाचा नव्हे, त्यांच्या जेवण्याचा. रविवारी वडाभात असे. गरम भातावर डाळीचे तळलेले वडे कुस्करायचे आणि त्यावर लाल मिरच्यांची फोडणी चर्र करून ओतायची. काका तो कालवत, पहिला घास घेत आणि डोळे मिटत. कपाळावर घाम येई, नाकातून पाणी येई, कान लाल होत. चेहरा मात्र समाधी लागल्यासारखा शांत. एवढी एकाग्रता मी देवळात पाहिलेली नाही. मधेच ते डोळे उघडत आणि म्हणत, "आज जरा फिकं झालं." माझ्या डोळ्यांतून त्या वेळी धारा लागलेल्या असत.

जेवण झालं की त्यांचा उजवा हात आपोआप छातीच्या खाली, जिथं बरगड्या संपतात तिथं जाई. तिथं ते सावकाश दाबत. याला ते ‘जरा जळजळ’ म्हणत. मी आलो तेव्हा ती जेवणानंतर होत असे. मग जेवणाआधीही व्हायला लागली. मग चहाबरोबर, मग चहाशिवाय. खायचा सोडा, थंड दूध, कोहळ्याचा रस, आवळा, बडीशेप, सगळं येऊन गेलं. प्रत्येक उपाय सुचवणाऱ्याचा कोणीतरी साडू त्यानं बरा झालेला असे.

काकूचा विश्वास उपवासावर होता. तिचं म्हणणं, पोट थकलं आहे, त्याला सुट्टी द्या. म्हणून सोमवार आधीपासून होता, त्यात गुरुवार आणि शनिवार धरले. चतुर्थी आणि एकादशी वेगळ्या. सुट्टीच्या दिवशी पोट दुपारपर्यंत रिकामं ठेवायचं आणि मग त्यात शेंगदाण्याच्या कुटाची आणि हिरव्या मिरचीची साबुदाण्याची खिचडी घालायची, वर आंबट दही. संध्याकाळी काका कोचावर वाकून बसत आणि काकू म्हणे, "पाहा, उपवास करूनही दुखून राहिलं. न करते तं काय झालं असतं!" मी तर्कशास्त्र शिकलो होतो, पण त्या खिचडीचा वाटेकरी होतो.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं आणि आम्हाला त्याची सवय झाली. माझ्या एका मित्राच्या घरी दमा होता, शेजारी गुडघे होते. आमच्याकडे पोट होतं.

मग काका निवृत्त झाले आणि बारीक व्हायला लागले. निरोपसमारंभात घातलेला कोट पुढच्या हिवाळ्यात खांद्यावरून ओघळायला लागला. भूक गेली. एका सकाळी त्यांना उलटी झाली आणि ती काळपट होती. काकूनं ती धुऊन टाकली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मामंजींचं असंच झालं होतं."

मामंजी म्हणजे माझे आजोबा. ते पोटानंच गेले. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात तेही असेच कोटात हरवल्यासारखे झाले होते. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. त्या दिवशीही आम्ही ते उच्चारलं नाही. पण त्यानंतर घरात जे काही चाललं होतं ते त्या एका नावाभोवती चाललं होतं, आणि ते काकांनाही ठाऊक होतं. वर्तमानपत्र वाचता वाचता ते एकदा म्हणाले, "बाबा माझ्या वयाचेच होते, नाही?" आणि पान उलटलं.

काकूनं दोन गोष्टी केल्या. मला दवाखान्यात चौकशीला पाठवलं आणि स्वतः पारशिवनीकडे आमच्या गावी जाऊन शेतातल्या मारोतीला नवस बोलून आली. यांच्या पोटात काही वाईट निघालं नाही तर रोडग्यांचा स्वयंपाक करीन. दोन्ही ठिकाणी तिनं सारख्याच गांभीर्यानं अर्ज केला होता.

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. पोटात नळी घालून आत डोळ्यानं बघायची सोय आमच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नुकतीच आली होती. ती वापरणारे डॉक्टर काकांचे जुने विद्यार्थी निघाले. नागपुरात काकांचे जुने विद्यार्थी कुठंही निघत. पण हा पहिलाच, ज्याच्यापुढं काकांना आडवं व्हावं लागलं.

"सर, तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले.

काकांनी त्या काळ्या नळीकडं पाहिलं. ती चांगली अंगठ्याएवढी जाड होती. "तुला मी वर्गात तोंड मिटायला किती वेळा सांगितलं असेल?"

"रोज, सर. आता तुम्ही उघडा."

"हे सगळं आत जाणार?"

"जातं, सर. गिळल्यासारखं करा. बोलायचं मात्र नाही."

"ही शिक्षा आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

शिकाऊ डॉक्टरांना बघता यावं म्हणून त्या नळीला बाजूनं एक फाटा जोडलेला होता आणि त्याच्या टोकाला आणखी एक भिंग होतं. त्या दिवशी शिकाऊ डॉक्टर आले नव्हते. काकांचा हात धरून मी उभा होतो. डॉक्टरांनी भिंगावरून डोळा न काढता मला खूण केली. मी वाकलो आणि एक डोळा लावला.

मला वाटलं होतं काहीतरी किळसवाणं दिसेल. आधी एक गुलाबी बोगदा दिसला, ओला, चकाकणारा, उघडत जाणारा. मग एकदम अंगण लागावं तसा तो संपला आणि समोर एक गुहा उघडली. तिच्या भिंतींना वळ्या होत्या, पाऊस पडून गेल्यावर नांगरलेलं रान दिसतं तशा, एकीला लागून एक. सगळीकडून उजेड परतत होता. आणि ते हलत होतं. एक लाट लांबून निघे, भिंतीवरून सरकत पुढं जाई आणि टोकाला एक इवलंसं गोल दार होतं, तिथं पोचे. दार मिटे, उघडे, पुन्हा मिटे. आत खायला काही नव्हतं. काका रात्रीपासून उपाशी होते. तरी लाट निघत होती, दार उघडत होतं. कोणी बघत नाही, कोणी सांगितलेलं नाही, हार नाही, नारळ नाही. काका जन्मल्यापासून हे असंच चाललं होतं. ते भाषण देत असताना, झोपले असताना, वर्गात पोरांना छड्या मारत असताना.

मी वाचलं होतं की इथलं आम्ल इतकं जहाल असतं की मांस विरघळवतं. आणि ज्यात ते साठवलं आहे ती पिशवी मांसाचीच. स्वतःला न पचवता ती दुसऱ्याचं पचवते. हे वाचलं तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं होतं. आता ते समोर दिसत होतं आणि मला काही वाटत नव्हतं, म्हणजे शब्दांत येईल असं काही वाटत नव्हतं. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो एवढंच.

"हे बघा," डॉक्टर हळूच म्हणाले. "खालच्या बाजूला."

त्या दाराच्या अलीकडं भिंत लाल होती. नुसती लाल नव्हे, सुजलेली, ठिपके ठिपके उठलेली, मधेमधे ओरखडे ओढल्यासारखी. एकदोन ठिकाणी वाळलेल्या रक्ताचे काळे कण चिकटलेले होते. त्या लाल भागावरूनही लाट जात होती. अडखळत नव्हती. त्या भिंतीवर रविवारमागून रविवार चर्र करून फोडणी ओतली गेली होती, आणि तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला सुरुवात केली होती. एवढ्या वर्षांत तिची तक्रार काय, तर जरा जळजळ.

डॉक्टरांनी नळीतून एक बारीक चिमटा आत घातला आणि भिंतीचा कण तोडून घेतला. तिथं रक्ताचा एक थेंब आला, गुंजेएवढा, आणि थांबला. काकांनी माझा हात दाबला. मी त्यांचा दाबला. आत काय झालं ते मी पाहिलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं, अशी ती एक वेगळीच ओळख होती. ज्या माणसाला मी ‘तुम्ही’ म्हणून पायांना हात लावत आलो, त्याला मी आता आतून ओळखत होतो.

त्या कणाची तपासणी होईपर्यंतचे दिवस घरात कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. काका बागेला पाणी घालत. ज्या झाडाला घातलं त्यालाच पुन्हा घालत.

वाईट काही निघालं नाही. जुनी सूज होती, जठराच्या अस्तराला. आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर बसलो होतो. काकूनं पदर डोळ्यांना लावला आणि मग लगेच विचारलं, "मंग आता उपवास वाढवायचे का?"

डॉक्टरांनी उपवासाला काय खाता ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काकू, रिकामं पोट ठेवायचंच नाही. थोडं थोडं, पण वेळच्या वेळी. मिरची बंद, तर्री बंद, चहा कमी, सरांची तंबाखू बंद."

"तंबाखू?" काकू म्हणाली आणि काकांकडं वळली. ही बातमी तिला नवीन होती.

काकांनी विषय बदलला. "म्हणजे हे मिरचीनं झालं, असं तुझं म्हणणं?"

"छातीठोक सांगता येत नाही, सर. मिरचीनं सूज येते, की आलेल्या सुजेला मिरची सोसत नाही, हे मलाही नक्की ठाऊक नाही. पण तुम्ही खाऊन पाहिलंय. आता न खाऊन पाहा."

पुढं काही वर्षांनी या सुजेमागं पुष्कळदा एक जंतू असतो असं ठरलं आणि मिरचीवरचा मुख्य आरोप मागं घेण्यात आला, असं मी वाचलं. तेव्हा मात्र त्या जंतूची आणि आमची ओळख झालेली नव्हती. आमच्याकडे आरोपी एकच होता आणि तो डब्यात होता.

काकूनं पहिल्या आठवड्यात मिरची बंद केली ती अशी: भाजीत अख्ख्या मिरच्या टाकायच्या आणि वाढताना त्या चमच्यानं वेचून काढायच्या. काका वाकून बसले तेव्हा तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मिरची तं मी सगळी काढली वं बाई," ती शेजारणीला सांगत होती, "मोजून टाकली अन् मोजून काढली." तिच्या लेखी मिरची म्हणजे वेचून काढता येणारा पदार्थ, मागं राहिलेली चव भाजीची. मी तिला भिंगातून दिसलेलं सांगितलं. ते लाल ओरखडे, तो थेंब, तरी चाललेली ती लाट. मग ती उठली आणि मिरचीचा डबा शेजारणीला देऊन आली. त्या दिवसापासून घरात तिघांसाठी एकच स्वयंपाक झाला: मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, दूध. "यांना एकट्यालेच असं वाढू कशी?" ती म्हणाली. ती स्वतः त्या मातीतली, दातांखाली मिरची असल्याशिवाय जिला भाकरी गिळता येत नसे. तिनं ते सहज म्हटलं, जसं काही विशेष नव्हतंच.

काकांच्या रागाला काही दिवस सीमा नव्हती. मग तो ओसरला. रंग परत आला, कोट पुन्हा खांद्यावर बसला. गणपतीच्या मंडळाची पोरं बोलवायला आली तेव्हा काका म्हणाले, "विषय बदला. आहारावर मला आता बोलता येणार नाही."

"काहून सर? तुमचा तं हातखंडा विषय."

"आता थोडा अनुभव आला आहे," काका म्हणाले.

मग हिवाळ्यात नवस फेडायचा दिवस आला. गावाला माझे एक चुलत काका शेती करत. मारोती त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका लिंबाखाली. डॉक्टरांनाही आग्रहानं नेलं होतं. रोडगे म्हणजे जाड्याभरड्या कणकेचे, पदर घालून वळलेले मोठे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. त्याबरोबर वांग्याची भाजी. ती एका मोठ्या गंजात शिजत होती आणि वर बोटभर लाल तेल थरथरत होतं. धूर आणि तो वास सबंध शेतात पसरला होता. दुपार कलली तशी बांधावर पंगत बसली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या आणि सगळे काकांची वाट पाहू लागले.

कारण आमच्याकडचा रिवाज असा, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं नैवेद्याच्या पानातला पहिला घास घ्यायचा, रोडगा आणि भाजी, दोन्ही. तोवर पंगत हात लावत नाही. पोट बरं झालं म्हणून मारोतीचे आभार मानायचे आणि ते मानायचे तर पोटात ती भाजी घालायची. ही अडचण नवस बोलताना कोणाच्याच लक्षात आली नव्हती, मारोतीच्याही नसावी.

नैवेद्याचं पान काकांसमोर आलं. काकूनं आडवा हात घातला. "भाजी यांनी खायाची नाही."

"काहून वैनी?" चुलत काका म्हणाले. "परसाद हाये तो. परसाद बाधत नाही."

"तुमच्या मारोतीनं आत वाकून पाह्यलं नाही. या पोरानं पाह्यलं."

पंगतीच्या टोकाला एक म्हाताऱ्या आत्या होत्या. त्यांना नीट ऐकू येत नसे, पण भांडण ऐकू येई. "काय वं, बोलताना बोलली अन् आता मारोतीले फसवून राहिली का?"

"फसवून नाही राहिली, आत्याबाई."

"एक फोड खा न गा दादा," मधून कोणी ओरडलं. "एका फोडीनं काय होते? रोडगे थंडे होऊन राहिले!"

"डॉक्टर तं इथंच बसून हायेत," आणखी कोणी म्हणालं. "काही झालंच तं!"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "माझ्या मते, सर..." पण त्यांचं मत कोणाला नको होतं, आणि त्यांचेही डोळे गंजाकडं होते.

काकांनी पान उचलून हातात घेतलं. वांग्याची अख्खी फोड, तिच्या पोटात भरलेला काळा मसाला, भोवती लाल तेल. त्यांनी ते नाकाच्या पातळीला आणलं आणि तिथं धरलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. बाकीच्यांना फक्त तेवढं दिसत होतं. मला आतलं दिसत होतं. ती लाट निघाली असणार, आणि त्या लालसर भिंतीवरून ती सरकत असणार, त्या दाराकडं.

काका काही बोलतील असं मला वाटलं. प्रसंग मोठा होता, श्रोते समोर होते, आणि जठर व जीभ यांवरचं ते वाक्य त्यांच्याकडे तयार होतं. त्यांनी नुसतं पान काकूच्या पुढ्यात ठेवलं. "नवस तुझा आहे," ते म्हणाले. "पोट माझं आहे."

मग काकूनं त्यांच्यासाठी ठेवलेली दुधाची वाटी ओढली, त्यात रोडगा कुस्करला आणि पहिला घास घेतला. डोळे उघडे ठेवून.

काकूनं पानाकडं पाहिलं, मारोतीकडं पाहिलं, आणि बसून ती भाजी खाल्ली. एक फोड नव्हे, सगळी, तेलासकट, पत्रावळ पुसून. तिच्या तोंडाला कित्येक महिन्यांत मिरची लागलेली नव्हती. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती थांबली नाही. ती संपवून तिनं मारोतीला हात जोडले तेव्हा आत्याबाईंनी मान हलवली. "झालं," त्या म्हणाल्या. "वाढा."

संयमावर मी पुष्कळ भाषणं ऐकली, त्यांतली निम्मी काकांची. संयम प्रत्यक्ष पाहिला तो त्या बांधावर, दूधरोडगा खाताना. आणि त्याच्या शेजारी बसलेलं, घाम पुसत असलेलं जे काही होतं, त्याला काय म्हणतात ते मला अजून ठाऊक नाही. पंगत आनंदानं जेवली. डॉक्टर मागून मागून जेवले.

रात्री आम्ही नागपूरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच्या पोटात आग पडली. काका ठणठणीत होते. त्यांनीच तिला रिक्षात बसवलं आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर आले नव्हते. त्यांचं पोट बिघडलं होतं.